जनरेटर वर, पंप तळघरात

२२ जुलै २०२१. रात्रभर कोसळणाऱ्या पावसाने वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूण शहरात शिरले आणि घरांचे, दुकानांचे तळमजले बघता बघता बुडाले. करोनाची दुसरी लाट तेव्हा पुरती ओसरलेली नव्हती. शहरातल्या एका कोविड रुग्णालयात काही रुग्ण ऑक्सिजनवर, तर काही व्हेंटिलेटरवर होते. पाणी आत आले, वीज गेली. त्या पुरात या रुग्णालयातले ८ रुग्ण दगावले.

त्याआधी साडेपाच वर्षांपूर्वी, डिसेंबर २०१५ मध्ये, चेन्नईतही असेच घडले होते. अड्यार नदीकाठच्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात जनरेटर होते तिथे पुराचे पाणी शिरले. वीज बंद पडली आणि त्या दिवसांत अतिदक्षता विभागातले डझनाहून अधिक रुग्ण मृत्युमुखी पडले. दोन्ही ठिकाणी इमारत उभी होती. डॉक्टर आणि परिचारिकाही जागेवर होत्या. तरीही रुग्णालय बंद पडले.

आपत्ती आली की जखमींना जिथे न्यायचे, ती जागा म्हणजे रुग्णालय. ती जागाच आपत्तीत सापडली तर नुकसान दुहेरी होते. आत असलेले रुग्ण धोक्यात येतात आणि बाहेरून येणाऱ्यांना दार बंद होते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या जागतिक आरोग्य दिनासाठी आपत्तीतही सुरक्षित राहणारी रुग्णालये हाच विषय निवडला होता. आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये रुग्णालय सुरक्षेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातली बरीचशी तयारी महागडी नाही. ती वेळेवर सुचायला हवी आणि कुणीतरी तिची जबाबदारी घ्यायला हवी, इतकेच.

वीज कुठे अडते?

‘आमच्याकडे जनरेटर आहे’ हे उत्तर बहुतेक रुग्णालयांकडून मिळते. पण जनरेटर ही एक साखळी असते. डिझेलची टाकी, ते डिझेल वर चढवणारा पंप, वीज इकडून तिकडे वळवणारे पॅनल, तिथून वॉर्डात जाणाऱ्या केबल आणि हे सगळे सुरू करता येणारा माणूस. यातली एक कडी तुटली तरी जनरेटर नुसता शोभेचा ठरतो.

याचे लक्षात राहावे असे उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाने समुद्राचे पाणी शहरात घुसले. तिथल्या बेलव्ह्यू या जुन्या सार्वजनिक रुग्णालयाचे जनरेटर तेराव्या मजल्यावर होते, म्हणजे पुरापासून अगदी सुरक्षित. पण त्यांना इंधन पुरवणारे पंप तळघरात होते. तळघर बुडाले आणि पंप थांबले. मग कर्मचारी आणि मदतीला आलेले जवान जिन्यावर रांग करून उभे राहिले आणि डिझेलचे डबे हातोहात तेराव्या मजल्यापर्यंत पोहोचवत राहिले. तरीही शेवटी रुग्णालय रिकामे करावेच लागले. जवळच्याच एनवाययू लँगोन रुग्णालयातही वीज गेली. तिथे नवव्या मजल्यावरच्या नवजात शिशू अतिदक्षता कक्षातली २० बाळे परिचारिकांनी छातीशी धरून अंधाऱ्या जिन्याने खाली आणली. ज्यांना श्वासाचा आधार लागत होता, त्यांना वाटेत हाताने फुगा दाबून श्वास दिला जात होता.

वीज गेल्यावर हातात किती वेळ असतो? बहुतेक व्हेंटिलेटरमध्ये स्वतःची बॅटरी असते. यंत्राच्या प्रकारानुसार ती अर्धा तास ते काही तास चालते आणि जुनी झाली की त्याहूनही कमी. त्यानंतर एका रुग्णामागे एक माणूस सतत फुगा दाबत बसवावा लागतो. दहा व्हेंटिलेटर असतील तर दहा माणसे, आणि थोड्या वेळाने त्यांना बदलायला आणखी दहा.

ऑक्सिजनचा हिशेबही असाच आहे. द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीतला वायू स्वतःच्या दाबाने नळीतून वाहतो, त्यामुळे वीज गेली तरी तो लगेच थांबत नाही. पण हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे प्लँट, जे करोनाकाळात ठिकठिकाणी उभे राहिले, ते विजेवर चालतात. घरी वापरायचे कॉन्सन्ट्रेटरही तसेच. अशा वेळी आधार असतो तो सिलिंडरचा. मोठ्या ‘जम्बो’ सिलिंडरमध्ये साधारण ७ हजार लिटर ऑक्सिजन मावतो. एका रुग्णाला मिनिटाला १० लिटर लागत असेल तर तो साडेअकरा तास पुरतो. असे १० रुग्ण असतील तर सव्वा तासही नाही. रस्ते पाण्याखाली असताना पुढचा सिलिंडर कुठून आणि कशातून येणार, हे पावसाळ्यापूर्वीच ठरलेले असावे लागते.

पाण्याकडे तर सहसा कुणाचे लक्षच जात नाही. एका रुग्णाच्या चार तासांच्या डायलिसिसला सुमारे १२० लिटर शुद्ध केलेले पाणी लागते आणि ते शुद्ध करताना वाया जाते ते वेगळेच. शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक करायला, हात धुवायला, स्वच्छतागृहांना पाणी लागते. पुरात सगळीकडे पाणीच पाणी असते आणि रुग्णालयाचा नळ मात्र कोरडा पडतो.

इमारत उभी, रुग्णालय बंद

भूकंपाचा विचार करताना डोळ्यांपुढे कोसळलेल्या इमारतीच येतात. भीती खरी आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भुजचे जिल्हा रुग्णालयच कोसळले आणि ज्या दिवशी त्याची सर्वाधिक गरज होती त्याच दिवशी ते नाहीसे झाले. जखमींवर उघड्या मैदानात उपचार करावे लागले. त्यानंतर बांधलेले नवे रुग्णालय वेगळ्या पद्धतीचे आहे. त्याचा पाया आणि वरची इमारत यांच्यामध्ये रबर आणि पोलाद यांचे थर असलेल्या, मध्यभागी शिसे भरलेल्या जाडजूड गाद्या बसवल्या आहेत. जमीन हादरली की या गाद्या आडव्या सरकतात आणि हादऱ्याचा बराचसा जोर स्वतःच जिरवतात. वरची इमारत हिसके न खाता संथ डोलते.

पण केवळ इमारत टिकून भागत नाही, हे कॅलिफोर्नियातल्या ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालयाने दाखवून दिले. १९७१ च्या भूकंपात या नव्याकोऱ्या रुग्णालयाची मोडतोड झाली. तिथे तिघांचा जीव गेला. त्यातले दोघे रुग्ण ढिगाऱ्याखाली सापडले नव्हते, वीज गेल्याने त्यांची जीवरक्षक यंत्रे बंद पडली होती. त्यानंतर तिथे अत्यंत भक्कम इमारत बांधण्यात आली. १९९४ मध्ये पुन्हा मोठा भूकंप झाला. या वेळी इमारतीच्या सांगाड्याला काही झाले नाही, पण आतले पाण्याचे पाइप फुटले. छतातून पाणी वाहू लागले आणि तीनशेहून अधिक रुग्णांना दुसरीकडे हलवावे लागले.

पहिल्या भूकंपाने खांब-तुळया पक्क्या करायला शिकवले आणि दुसऱ्याने पाइप, फॉल्स सीलिंग, पाण्याच्या टाक्या, कपाटे, सिलिंडर यांच्याकडे बघायला शिकवले. हे काम तुलनेने स्वस्तही आहे. औषधांचे कपाट भिंतीला स्क्रूने आवळणे, सिलिंडरना साखळी लावणे, मॉनिटर पट्ट्याने बांधणे, पाइप जिथे भिंतीतून आरपार जातो तिथे लवचीक जोड बसवणे ही स्थानिक सुताराला, प्लंबरला जमणारी कामे आहेत. १९६७ चा कोयनेचा आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप पाहिलेल्या महाराष्ट्राला ती परकी वाटू नयेत.

धुरापासून पळता न येणारी माणसे

महाराष्ट्रातल्या रुग्णालयांवर अलीकडच्या काळात वारंवार आलेली आपत्ती आगीची आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू विभागात आग लागली. १० बाळे दगावली, ७ वाचवता आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदनगर जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातल्या आगीतही अनेक रुग्ण गेले.

अतिदक्षता विभागात आग भडकायला सगळे अनुकूल असते. अखंड चालणारे एसी, एकाच बोर्डावर लावलेली अनेक यंत्रे, गाद्या, पडदे, प्लास्टिकच्या नळ्या, सॅनिटायझर आणि हवेत नेहमीपेक्षा जास्त ऑक्सिजन. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण तो जास्त असला की एरवी धुमसणारी वस्तू भडाभडा जळते. शिवाय अशा आगीत माणसे ज्वाळांपेक्षा धुराने जास्त मरतात.

इतर इमारतींतले ‘सगळे बाहेर पळा’ हे सूत्र इथे चालत नाही. नळ्या लावलेल्या रुग्णाला पळता येत नाही, लिफ्ट वापरता येत नाही आणि जिन्यावरून एकेकाला उतरवायला चार-चार माणसे लागतात. म्हणून रुग्णालयात आधी रुग्णांना त्याच मजल्याच्या दुसऱ्या भागात, धूर अडवणाऱ्या दाराच्या पलीकडे हलवतात. तिथे मिळालेल्या वेळात पुढचे ठरते. यासाठी मजल्याचे दोन भाग करणारी ही अग्निरोधक दारे असावी लागतात, आणि ती बंद राहावी लागतात. प्रत्यक्षात ती स्टूल लावून उघडी ठेवलेली दिसतात. उलट जिन्याचे दार चोरी नको म्हणून कुलूपबंद असते, आणि किल्ली ज्याच्याकडे आहे तो रात्रपाळीला नसतो.

सरावाने काय बदलते?

आपत्तीत तगलेले रुग्णालय कसे असते, हे पाहायचे तर जपानच्या इशिनोमाकी रेडक्रॉस रुग्णालयाकडे पाहावे. २००६ मध्ये हे रुग्णालय समुद्रापासून दूर, आतल्या भागात हलवले गेले. भूकंपाचा धक्का जिरवणाऱ्या पायावर त्याची नवी इमारत उभी राहिली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. आपत्तीत कोणी कुठे उभे राहायचे, कोणत्या दालनात गंभीर रुग्ण घ्यायचे, नोंद कोणी ठेवायची हे नावांसह लिहून ठेवले आणि त्याचा सराव केला. ११ मार्च २०११ ला महाभूकंप आणि त्सुनामी आली, तेव्हा तासाभरात रुग्णांची वर्गवारी करणाऱ्या जागा सज्ज होत्या. आजूबाजूची रुग्णालये बंद पडल्याने सुमारे सव्वादोन लाख लोकसंख्येच्या परिसराचा भार याच रुग्णालयावर आला. तिसऱ्या दिवशी तर एका दिवसात हजाराहून अधिक रुग्ण आले. ते कोलमडले नाही.

रुग्णालय किती तयार आहे हे मोजण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने एक निर्देशांक तयार केला आहे. त्याच्या २०१५ च्या आवृत्तीत १५१ मुद्दे आहेत. परिसरातले धोके, इमारतीची मजबुती, वीज-पाणी-ऑक्सिजनसारख्या व्यवस्था आणि माणसांची तयारी असे त्याचे चार भाग. त्यावरून रुग्णालय अ, ब किंवा क गटात मोडते. ‘क’ म्हणजे आपत्तीत ते चालू राहण्याची शक्यता कमी आणि आतल्या माणसांच्या जिवाला धोका. ही तपासणी पास-नापास ठरवण्यासाठी नसते. आधी काय दुरुस्त करायचे, त्याचा क्रम तिच्यातून मिळतो.

आपल्याकडे बहुतेक उपचार लहान नर्सिंग होम आणि ग्रामीण रुग्णालयांत होतात. जागेच्या भावामुळे जनरेटर, औषधसाठा, एक्स-रे यंत्र खालीच ठेवले जाते. प्रत्येकाला गच्चीवर जनरेटर नेणे परवडणार नाही. पण १९८९, २००५, २०१९, २०२१ यांपैकी ज्या वर्षी पाणी सर्वात वर आले, त्या वर्षीची खूण गावात कुठल्या तरी भिंतीवर असतेच. जनरेटरचा चौथरा, मुख्य पॅनल आणि इंधनाचा पंप त्या खुणेच्या वर आणणे हे एका पावसाळ्याआधी होण्यासारखे काम आहे. नव्या रुग्णालयासाठी जागा घेताना पाटबंधारे विभागाने आखलेली पूररेषा पाहणे तर फुकट आहे.

मॉक ड्रिलही अनेकदा दुपारी, सूचना देऊन, फोटोसाठी होते. खरी परीक्षा रात्री तीनची असते. एक डॉक्टर, दोन सिस्टर, एक मावशी आणि एक वॉचमन एवढेच हजर असताना. एखाद्या रात्री मेन स्विच बंद करून जनरेटर किती सेकंदांत भार घेतो, तो कोणाला सुरू करता येतो आणि बॅटरीचा कोणता दिवा लागतच नाही, हे पाहिले तर कागदावरच्या आराखड्यापेक्षा जास्त कळते. अर्थात त्या वेळी व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांची पर्यायी सोय आधी करूनच.

रुग्ण आणि नातेवाईकही काही गोष्टी विचारू शकतात. रुग्णालयाच्या सल्लागार समितीवर, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत असलेल्यांनी तर त्या विचारायलाच हव्यात:

• जनरेटर, मुख्य पॅनल आणि डिझेलचा पंप गेल्या मोठ्या पुराच्या पातळीच्या वर आहेत का?

• पुरवठा तुटला तर डिझेल, ऑक्सिजन आणि पाणी किती तास पुरेल?

• जिन्याची दारे रात्री आतून उघडतात का?

• शेवटचे फायर ऑडिट कधी झाले आणि त्यात सांगितलेले काम पूर्ण झाले का?

• रात्रपाळीच्या माणसांनी रुग्ण हलवण्याचा सराव शेवटी कधी केला?

• रुग्ण हलवावे लागले तर ते कुठल्या रुग्णालयात, कोणत्या रस्त्याने जाणार, आणि त्या रुग्णालयाला हे माहीत आहे का?

घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर किंवा आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसवर असलेला रुग्ण असेल, तर हेच प्रश्न कुटुंबानेही स्वतःला विचारावेत. एक भरलेला सिलिंडर आणि दुसऱ्या डायलिसिस केंद्राचा नंबर पावसाळा सुरू होण्याआधीच हाताशी असलेला बरा.