दोन मिनिटांचा फोन

अमेरिकेत सुरुवातीला राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार उपराष्ट्राध्यक्षपदासाठी आपला जोडीदार निवडतच नसे. राज्यांच्या मतदार-प्रतिनिधींची सर्वाधिक मतं मिळतील तो राष्ट्राध्यक्ष आणि दुसरा येईल तो उपराष्ट्राध्यक्ष, असा नियम! म्हणजे ज्याला हरवलं, तोच चार वर्षं शेजारच्या खुर्चीत. १७९६ मध्ये हे खरोखर घडलं. जॉन अ‍ॅडम्स जिंकले आणि त्यांचे विरोधक थॉमस जेफरसन त्यांचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. पुढच्या खेपेला जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे एरन बर यांना सारखी ७३-७३ मतं पडली. तो तिढा सुटायला प्रतिनिधिगृहात ३६ वेळा मतदान घ्यावं लागलं! अखेर १८०४ मध्ये घटना दुरुस्त झाली आणि दोन पदांसाठी वेगवेगळी मतं आली.

मग जोडीदार कोण ठरवणार? घटनेत त्याबद्दल एक अक्षर नाही. पुढे दीर्घकाळ पक्षाचे पुढारी आपसात ठरवत. १९४० मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट अडून बसले: हेन्री वॉलेस नसतील, तर मीही उभा राहणार नाही. निवड उमेदवाराच्या हाती येऊ लागली ती इथून.

आणि ही निवड कशी व्हायची? १९७२ चा जुलै बघा. मायामी बीचवर डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलंय. उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांना एकामागून एक नकार मिळताहेत आणि नाव कळवायची मुदत तर त्याच दुपारी संपतेय. ते सेनेटर टॉमस ईगलटन यांना फोन लावतात. जेमतेम दोन मिनिटांचं बोलणं, आणि होकार! मग मॅकगव्हर्न यांचा सहकारी फोन घेऊन विचारतो, लपवण्याजोगं काही आहे का? ईगलटन म्हणतात, नाही. पुढे उघड झालं की नैराश्यामुळे ते तीनदा रुग्णालयात होते आणि त्यांना विजेचे झटकेही दिले होते. आजार असणं हा काही गुन्हा नव्हे. पण नीट चौकशी करायला वेळच कुणी काढला नव्हता. अठराव्या दिवशी ईगलटन यांना माघार घ्यावी लागली.

चारच वर्षांनी पक्षाचे पुढचे उमेदवार जिमी कार्टर यांनी काय केलं? इच्छुकांना लांबलचक प्रश्नावली दिली, काहींना जॉर्जियातल्या आपल्या छोट्याशा प्लेन्स गावी बोलावून तासन्‌तास गप्पा मारल्या, आणि वॉल्टर मॉन्डेल यांना निवडलं. जणू स्थळ पाहायचा कार्यक्रमच! आज वकिलांची फौज इच्छुकांचे जुने कर-कागदही चाळते.

तरी घटनेचा एक जुना खिळा अजून टोचतो. कोणत्याही राज्याच्या मतदार-प्रतिनिधींना दोन्ही मतं आपल्याच राज्याच्या रहिवाशांना देता येत नाहीत. २००० मध्ये टेक्ससच्या जॉर्ज बुश यांनी जोडीदार शोधायचं काम डिक चेनी यांच्यावर सोपवलं आणि शेवटी चेनींनाच निवडलं. पण चेनीही टेक्ससमध्येच राहत होते! त्यांनी जुलैमध्ये घाईनं आपली मतदार नोंदणी वायोमिंगला हलवली. निकाल लागला तेव्हा चेनींना मतं मिळाली २७१, बहुमताला हवी होती २७०, आणि त्यांतली ३२ होती टेक्ससची. ती ३२ गेली असती, तर उपराष्ट्राध्यक्ष निवडायचं काम सेनेटकडे गेलं असतं. आणि पुढच्या जानेवारीत सेनेटमध्ये दोन्ही पक्षांचं बळ होतं बरोब्बर ५०-५०.