अंबाबाईचे मंदिर : पाषाण, आयुधे आणि किरणे

यवतमाळ जिल्ह्यातील ढाणकी, उमरखेड, पुसद या भागातील भाविकांना साडेतीन शक्तिपीठांपैकी सर्वांत जवळचे पीठ म्हणजे माहूरगड. तेथे रेणुकामातेचा केवळ शेंदूरचर्चित मुखवटा आहे; हात नाहीत, आयुधेही नाहीत. याच साडेतीन पीठांतील कोल्हापूरच्या अंबाबाईचे रूप मात्र अगदी निराळे आहे. तेथे मूर्तीच्या हातातील प्रत्येक वस्तूला अर्थ आहे आणि मंदिराच्या दिशेलाही.

कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्या शिलालेखांत महालक्ष्मीच्या वरप्रसादाचा उल्लेख अभिमानाने करीत. त्यांच्या व पुढे यादवांच्या काळात या काळ्या पाषाणातील मंदिराचा विस्तार झाला. मध्यभागी महालक्ष्मी आणि दोन बाजूंस महाकाली व महासरस्वती अशी तीन गर्भगृहे एका मंडपाला जोडलेली आहेत. देवीच्या गर्भगृहाच्या वरच्या मजल्यावर मातुलिंग हे शिवलिंग आहे. बाह्य भिंतींवर सुरसुंदरी आणि वादकांची शिल्पे कोरलेली आहेत. शिखरे व लाकडी गरुड मंडप ही उत्तरकालीन भर होय.

मूर्ती सुमारे तीन फूट उंचीची व चतुर्भुज आहे. उजव्या हातांत म्हाळुंग व गदा, तर डाव्या हातांत ढाल व पानपात्र आहे. मागे सिंह आहे. विष्णुपत्नी लक्ष्मीच्या हाती सहसा आढळणारे कमळ येथे नाही. दुर्गासप्तशतीला जोडलेल्या ‘प्राधानिक रहस्या’त त्रिगुणात्मिका आद्यशक्तीचे वर्णन याच चार वस्तूंनी केले आहे आणि तिच्या मस्तकी नाग, लिंग व योनी असल्याचे सांगितले आहे. मात्र वस्त्रालंकारांमुळे सामान्य भाविकाला ही लक्षणे क्वचितच दिसतात.

मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. परंपरेने ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून गरुड मंडप व कासव चौक ओलांडून गर्भगृहात पोहोचतात. यालाच किरणोत्सव म्हणतात. या दोन्ही तारखा २२ डिसेंबरच्या सुमारास येणाऱ्या दक्षिणायनाच्या शेवटच्या दिवसापासून अलीकडे व पलीकडे सुमारे ४२ दिवसांवर आहेत. त्यामुळे दोन्ही वेळी सूर्य क्षितिजावर जवळपास एकाच ठिकाणी, नेमक्या पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेस मावळतो. सूर्य जसजसा खाली येतो तसतशी किरणे आडवी होत प्रथम चरणांना, मग वक्षस्थळाला आणि अखेरीस मुखाला स्पर्श करतात.

मूर्तीची झीज हा जुना चिंतेचा विषय आहे. राजकीय धामधुमीच्या काळात लपवून ठेवलेल्या मूर्तीची १७१५ मध्ये पुनर्स्थापना झाली. पुढे १९५५ मध्ये तिला वज्रलेप देण्यात आला, तर २०१५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या तज्ज्ञांनी तिच्यावर रासायनिक संवर्धन प्रक्रिया केली. अभिषेकाने पाषाण झिजू नये म्हणून उत्सवमूर्तीवर अभिषेक करण्याची पद्धत स्वीकारण्यात आली.

किरणांचा प्रश्न मात्र मंदिराच्या आवारात सुटणारा नाही. गेल्या काही दशकांत महाद्वार रस्त्यालगतच्या उंच इमारती, फलक व तारा यांमुळे अनेकदा किरणे गुडघ्यापर्यंत किंवा कमरेपर्यंत येऊनच लुप्त झाली. आकाशातील ढग व धूळ यांवर कोणाचा इलाज नाही. मानवी अडथळ्यांवर आहे. मूर्ती जपण्याचे काम तज्ज्ञांचे असेल, परंतु प्रकाशाची ही वाट मोकळी ठेवणे शहराच्याच हाती आहे. प्राचीन स्थपतींनी आखलेली रेषा मंदिराच्या तटबंदीपाशी संपत नाही. ती थेट क्षितिजापर्यंत जाते. संवर्धनाचा विचारही तेथवर जायला हवा.