ज्येष्ठमधाची काडी आणि मूत्रपिंडातला पहारा

घसा बसला की आजीबाईच्या बटव्यातून ज्येष्ठमधाची काडी बाहेर येते. नेदरलँड्समधले डॉक्टर रेव्हर्स 1946च्या सुमारास हेच ज्येष्ठमध जठराच्या व्रणावर देत होते. रुग्णांना आराम पडला, पण पाचांतल्या साधारण एकाच्या अंगावर सूज आली. ती का आली, हे नेमके उलगडायला चाळीस वर्षे लागली. उत्तर निघाले ते तणावाच्या संप्रेरकापाशी.

मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथी हे संप्रेरक, म्हणजे कॉर्टिसॉल, तयार करतात. ते रक्तातून सगळीकडे फिरते, पण काम करते ते पेशीतल्या ग्राही नावाच्या प्रथिनाला चिकटल्यावरच. मग ही जोडी केंद्रकात शिरते आणि काही जनुकांना जागे करते, काहींना गप्प बसवते. कोविडमध्ये ऑक्सिजनवरच्या रुग्णांना दिलेले डेक्सामेथासोन याच ग्राहीमार्फत दाह शमवत होते.

मूत्रपिंडात आणखी एक ग्राही असतो. तो अल्डोस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाच्या सांगण्यावरून शरीरात मीठ राखून ठेवतो. रोनाल्ड एव्हान्स यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने 1987मध्ये त्याचे जनुक वेगळे केले. या ग्राहीने संशोधकांना कोड्यात टाकले होते, कारण तो कॉर्टिसॉललाही तितकाच घट्ट धरतो! रक्तात कॉर्टिसॉल तर अल्डोस्टेरॉनच्या शेकडो पट. मग अल्डोस्टेरॉनची पाळी येते तरी कशी?

1988मध्ये खुलासा झाला. ग्राहीच्या शेजारीच एक विकर पहाऱ्याला असते. आत आलेल्या कॉर्टिसॉलचे ते कॉर्टिसोन करून टाकते, आणि कॉर्टिसोन ग्राहीला चिकटत नाही. निवड ग्राही करतच नाही, पहारेकरी करतो. शरीराची ही योजना मला विलक्षण सुंदर वाटते.

ज्येष्ठमधातले ग्लिसिरायझिक आम्ल नेमका हाच पहारा उठवते. कॉर्टिसॉल ग्राहीवर ठाण मांडते, मीठ आणि पाणी अंगात साठते, पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते. रक्तदाब चढतो, स्नायू गळाठतात, कधी हृदयाचा ठोकाही चुकू लागतो.

याच ग्राहीची जागा अडवणारे औषध म्हणजे स्पायरोनोलॅक्टोन. 1999मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत हृदय गंभीरपणे निकामी झालेल्या रुग्णांमधले मृत्यू त्याने 30 टक्क्यांनी घटवले.

घशासाठी दोन दिवस काडी चघळणे वेगळे आणि महिनोन्‌महिने रोज चूर्ण किंवा काढा घेणे वेगळे. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना औषधांची यादी सांगताना ज्येष्ठमधाचेही नाव जरूर सांगा.