फोनमधलं पान, संगणकावर पंचनामा
महाप्याच्या मिलेनियम बिझनेस पार्कात वेबसाइट बनवणाऱ्यांना विचारा: संगणकावर पान झकास, फोनवर मात्र ‘पुढे जा’चं बटण कीबोर्डखाली गडप. फोनच्या क्रोममध्ये पानाचा कोथळा काढून बघायची सोय नाही, म्हणून फोनच संगणकाला जोडायचा.

अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारली, की डेव्हलपरसाठीचे पर्याय उघडतात. तिथे यूएसबी डीबगिंग चालू करा, केबल लावा, फोनवर परवानगी द्या आणि संगणकावरच्या क्रोममध्ये पत्त्याच्या जागी ‘chrome://inspect’ टाका. फोनमध्ये उघडी असलेली पानं यादीत येतात. त्यातलं हवं ते उघडून संगणकावर एखाद्या ओळीवर माउस नेला, की फोनवर नेमका तोच भाग निळसर उजळतो. रुंदी इथे बदला, तिथे लगेच दिसते. पहिल्यांदा बघताना जादूच वाटते!

यादी रिकामी दिसली तर आधी केबल बदला. माझी अख्खी दुपार एका केबलने खाल्ली. ती निव्वळ चार्जिंगची होती. वीज जायची, माहिती नाही.

आयफोनच्या सफारीतलं पान असं तपासायला मात्र मॅक लागतो. ही सोय २०१२च्या आयओएस ६पासूनची. काम आटोपलं की अँड्रॉइडवरचं यूएसबी डीबगिंग बंद करा, विशेषतः फोन ऑफिसात चार हातांत फिरणारा असेल तर.