विमानातून दिसणारा किनारा

भूपृष्ठावरील वस्तू वैमानिकास दिसते, ती तिच्या आकाराबरोबरच छायेमुळे व पार्श्वभूमीशी असलेल्या विरोधामुळे. निरोगी डोळा सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनाने विभक्त असलेले दोन बिंदू वेगळे ओळखतो. ३ किलोमीटरवर ही मर्यादा सुमारे ८७ सेंटिमीटर भरते.

अलिबागचा कुलाबा किल्ला भरतीत जलवेष्टित असतो. ओहोटीस भोवतालची वाळू व खडक उघडे पडतात. मध्यान्ही वरून पाहता तटाची उंची लोप पावते व केवळ आराखडा उरतो. सूर्य क्षितिजापासून १० अंश वर असता मात्र ६ मीटर उंचीची भिंत सपाट भूमीवर सुमारे ३४ मीटर लांब छाया टाकते. उंचीचे ज्ञान होते ते या छायेवरून.

समुद्रावर हा आधार नाही. १० मीटर लांबीची होडी आडवी असल्यास १० किलोमीटरवरून सुमारे ३.४ कलांची दिसावयास हवी. तथापि फेसाळ लाटांत ती हरवते. अपराह्णी पश्चिमेकडे पाहणाऱ्यास पाण्यावरील चकाकी आणखी बाधते. चालत्या होडीमागची पांढरी रेघ तिचा ठाव सांगते. यंत्र बंद पडलेल्या होडीस तीही नसते. म्हणजे जिचा शोध सर्वाधिक निकडीचा, तीच दिसण्यास सर्वांत कठीण. म्हणून सूर्य पाठीशी ठेवून पाहावे, होडीवाल्यांनी आरशाने प्रकाश परावर्तित करावा. आणि ‘दिसली नाही’ यावरून ‘तेथे नाही’ असे अनुमान काढू नये.