संप्रेरकीय गर्भनिरोधकाची निवड आणि वैद्यकीय समुपदेशन

प्रस्तावना :
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या ५.१ टक्के, तर इंजेक्शन घेणाऱ्या अवघ्या ०.६ टक्के होत्या. २०१७ पासून 'अंतरा' हे इंजेक्शन शासकीय कार्यक्रमात विनामूल्य मिळते. तथापि साधन उपलब्ध असणे आणि ते समजून निवडता येणे या भिन्न बाबी आहेत. त्यांना जोडणाऱ्या समुपदेशनाचे स्वरूप प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

वैद्यकीय पात्रता :
जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत स्त्रीच्या प्रकृतीनुसार प्रत्येक साधनाच्या चार श्रेणी केल्या आहेत. पहिल्या श्रेणीत कोणताही निर्बंध नसतो. चौथ्या श्रेणीत साधन वर्ज्य असते. १६०/१०० किंवा त्याहून अधिक रक्तदाब, दृष्टिदोषादी पूर्वलक्षणांसह होणारी अर्धशिशी, तसेच स्तनपानाचे पहिले सहा आठवडे या स्थितींत संयुक्त गोळी चौथ्या श्रेणीत येते. क्षयरोगावरील रिफाम्पिसिनमुळे गोळीची परिणामकारकता घटते. म्हणून डॉक्टरांनी प्रथम हा पूर्वेतिहास विचारणे आवश्यक ठरते.

परिणामांची पूर्वकल्पना :
गोळी केव्हाही थांबविता येते; तीन महिन्यांसाठी घेतलेले इंजेक्शन मात्र परत काढता येत नाही. त्यामुळे पाळी प्रारंभी अनियमित होते व पुढे अनेकदा थांबते. वैद्यकीयदृष्ट्या हे सहसा अपायकारक नसते. परंतु ज्या घरात पाळीच्या दिवसांत स्वयंपाक व देवपूजा वर्ज्य मानली जाते, तेथे रेंगाळणारा रक्तस्राव 'किरकोळ' ठरत नाही. इंजेक्शन थांबविल्यानंतर गर्भधारणेस काही महिने विलंब होतो, हेही आधीच सांगितले पाहिजे.

निवडीचा अधिकार :
१९८६ मध्ये स्त्री संघटनांनी 'नेट-एन' इंजेक्शनच्या चाचण्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली होती. पुरेशी माहिती देऊन संमती घेतली गेली काय, हा त्यातील कळीचा प्रश्न होता. तो आजही प्रत्येक तपासणीकक्षात लागू होतो.

निष्कर्ष :
पात्रता डॉक्टरांनी ठरवावी, पसंती स्त्रीने. पुढील मूल केव्हा हवे, रोज गोळी घेणे जमेल काय, पाळीतील बदल चालेल काय, हे प्रश्न तिला एकांतात, पती वा सासूच्या अनुपस्थितीत विचारले जावेत. तिच्या उत्तरांवर आधारलेला सल्ला म्हणजेच समुपदेशन. अन्यथा ते केवळ औषधवाटप ठरते.