परदेशी शिक्षणाची शिदोरी

गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट आहे. बंगळूरच्या मल्लेश्वरम भागात आमच्या शेजारी एक मराठी कुटुंब राहते. गृहस्थ निवृत्तीला आले आहेत. थोरली कन्या अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुढील शिक्षणासाठी मेलबर्नला जाण्याच्या तयारीत होती. विद्यापीठाचे प्रवेशपत्र आले होते, घर तारण ठेवून बँकेने कर्ज मंजूर केले होते आणि पेढेही वाटून झाले होते. त्या संध्याकाळी पेढ्यांची बशी माझ्यापुढे ठेवीत मुलीच्या आई म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही कागदपत्रं वाचणारे. एवढंच सांगा, तिकडे मध्येच पैसे संपले तर पोरीनं कोणाचं दार ठोठवायचं?"

प्रवेश, कर्ज आणि व्हिसा यांविषयी घरात सहा महिने बोलणे चालले होते. परंतु हा प्रश्न तोवर कोणी विचारला नव्हता. आज परदेशी मुले पाठविणाऱ्या हजारो कुटुंबांचा तो प्रश्न आहे, म्हणून त्याचा विचार थोडा विस्ताराने करणे उचित ठरेल.

विद्येसाठी परमुलखात जाणे आपल्याला नवे नाही. वार लावून जेवणारा विद्यार्थी ही एके काळी पुण्यातील ओळखीची मूर्ती होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी सात घरे जोडून गरीब मुले शिकत. जेथे ही सोय अपुरी पडे, तेथे राजाश्रय कामी येई. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून बी. ए. झालेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती देऊन पुण्याच्या सायन्स कॉलेजात धाडले. १८८३ साली ते अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले आणि १८८४ पासून मुंबई सरकारच्या सेवेत राहिले. कुशल माणूस एका मुलखातून दुसऱ्यात गेला तो असा. आणि १९०९ मध्ये मुख्य अभियंता म्हणून तो म्हैसूरला परतला, तेव्हा त्या शिष्यवृत्तीची फेड व्याजासह झाली.

उलट दिशेने आलेल्या एका मराठी कन्येची कथाही याच नगरीत घडली. कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम रीतीने घेऊन १९३३ मध्ये येथील टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेत, दाखल होण्यास आल्या. त्यांचे वडील व काका याच संस्थेत शिकलेले होते. तरीही त्या वेळचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर एक वर्षाच्या कसोटीवर प्रवेश मिळाला. कसोटी त्यांनी पार केली, १९३६ मध्ये एम. एस्सी. पूर्ण केली आणि शिष्यवृत्तीच्या बळावर त्या केंब्रिजला पोहोचल्या. १९३९ मध्ये पीएच. डी. घेऊन त्या मायदेशी आल्या व दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात जीवरसायनशास्त्राचा विभाग त्यांनी सांभाळला.

कमलाबाईंना शिष्यवृत्ती हवी होती. ब्रिटनचा व्हिसा मात्र नको होता. साम्राज्यातील प्रजाजनांना त्या देशात प्रवेशाचा हक्क होता. हे दार १९६२ च्या कायद्याने आवळले गेले आणि कामासाठी येणाऱ्यांना परवाने मिळू लागले. त्यांत विशेष कौशल्य असणाऱ्यांचा एक स्वतंत्र वर्ग होता. अमेरिकेने १९४६ मध्ये भारतीयांसाठी वर्षाला अवघ्या १०० जणांचा कोटा ठेवला होता. १९६५ च्या कायद्याने राष्ट्रवार कोट्याची ती पद्धत मोडली आणि शिक्षण व कौशल्य यांना मोल आले. आपल्या डॉक्टरांची व अभियंत्यांची मोठी पिढी तिकडे गेली ती त्यानंतर.

शिष्यवृत्ती मध्येच संपली तर काय होते, याचे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ मध्ये त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. कोलंबिया विद्यापीठातील अध्ययनानंतर ते लंडनला गेले, तोच मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. त्यांनी दोन गोष्टी केल्या. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून आधीच मिळविली. आणि मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अध्यापन करून पैसा साठविला. छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज यांची जोड मिळाली. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. झाले. खंड पडला तरी पुन्हा जोडता येईल असा दुवा त्यांनी राखून ठेवला होता.

आता आजच्या व्यवहाराकडे वळू. परदेशी जाणाऱ्या मुलांच्या घरी तीन निरनिराळ्या परवान्यांची बहुधा गल्लत होते. पहिला विद्यार्थी व्हिसा: तो शिकण्यापुरता असतो. दुसरा पदवीनंतरचा तात्पुरता परवाना: तो काही काळ काम करू देतो. तिसरा कुशल स्थलांतराचा परवाना: तो स्थायिक होण्याची वाट दाखवितो. पहिला मिळाला म्हणजे तिसरा मिळालाच, असे कोणत्याही देशाने वचन दिलेले नाही.

ऑस्ट्रेलियाचेच पाहा. तेथे कुशल स्थलांतरासाठी गुण मोजले जातात. अर्जासाठी किमान ६५ गुण लागतात आणि वय ४५ च्या आत असावे लागते. २५ ते ३२ वयाला सर्वाधिक म्हणजे ३० गुण. भाषा, शिक्षण व अनुभव यांचे गुण निराळे. तथापि ६५ गुण झाले म्हणजे आमंत्रण येतेच असे नाही. स्पर्धा असेल त्याप्रमाणे उंबरठा वर चढतो. शिवाय नियम मध्येच बदलतात. १ जुलै २०२४ पासून पदवीनंतरच्या तात्पुरत्या परवान्याची वयोमर्यादा बहुतेकांसाठी ३५ वर आणली गेली. ज्यांनी आधीच्या नियमांवर विसंबून कर्ज काढले होते, त्यांचे हिशेब चुकले. ब्रिटननेही पदवीनंतरची दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांसाठी दीड वर्षावर आणण्याचे ठरविले. अमेरिकेत एच-१बी परवान्यांची वार्षिक संख्या ८५,००० इतकी मर्यादित असून अर्ज जास्त आले की सोडत काढली जाते. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली.

सर्व देश निघण्यापूर्वीच पैशाचा पुरावा मागतात. ऑस्ट्रेलियाने १० मे २०२४ पासून एका वर्षाच्या राहणीखर्चासाठी २९,७१० डॉलर दाखविण्याची अट घातली. शिक्षणशुल्क व प्रवासखर्च त्यावर निराळा. पुष्कळ घरी ही रक्कम व्हिसापुरती नातेवाइकांकडून उसनी आणून खात्यात दाखवितात आणि व्हिसा मिळताच परत करतात. येथेच पुढच्या संकटाचे बीज पेरले जाते. सत्रकाळात पंधरवड्याला ४८ तासच काम करण्याची मुभा आहे. तेवढ्यात भाडे, जेवण आणि शुल्क भागेल, हा समज घातक आहे. तास वाढविले तर व्हिसाच धोक्यात येतो. आणि मालक त्याच भीतीचा फायदा घेऊन कमी मजुरीवर राबवू शकतो.

मग संकटात दार कोणते? २०२० च्या महामारीने या प्रश्नाची परीक्षाच घेतली. उपाहारगृहे व दुकाने बंद पडली आणि विद्यार्थ्यांची अर्धवेळ कामे एका दिवसात गेली. ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने वेतनसाहाय्याच्या योजनेतून परदेशी विद्यार्थ्यांना वगळले. ज्यांना स्वतःचा खर्च झेपत नाही त्यांनी मायदेशी जावे, असे पंतप्रधानांनी एप्रिलमध्ये सुनावले. पण व्हिक्टोरिया राज्याने अशा विद्यार्थ्यांसाठी ११०० डॉलरपर्यंतचे एकवेळचे साहाय्य जाहीर केले. कॅनडात मात्र आधीच्या वर्षात ५००० डॉलर मिळविलेल्या परदेशी विद्यार्थ्यांनाही मासिक २००० डॉलरच्या मदतीस पात्र धरले गेले. विमाने बंद होती. ७ मे पासून 'वंदे भारत' उड्डाणे सुरू झाली, तेव्हा कोठे घरी परतण्याची वाट उघडली.

आपल्या सरकारची व्यवस्थाही कुटुंबांना ठाऊक असावी. फेब्रुवारी २०१५ पासून परराष्ट्र मंत्रालयाची 'मदद' ही ऑनलाइन व्यवस्था तक्रारी घेते, आणि विद्यार्थ्यांनाही तेथे नाव नोंदविता येते. भारतीय वकिलातींकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. संकटग्रस्तास तात्पुरता निवारा, तातडीचे औषधोपचार, कायद्याचे साहाय्य, परतीचे तिकीट यांसाठी त्यातून गरजेनुसार खर्च करता येतो. शिक्षणशुल्क भरण्यासाठी मात्र हा निधी नाही. त्यासाठी निघण्यापूर्वीच शिष्यवृत्ती पाहावी. अनुसूचित जाती व अन्य वंचित घटकांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजनाही आहे. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये स्थापिलेला निधी कर्जरूपाने शिष्यवृत्ती देतो. एकाने फेडलेला पैसा पुढच्याच्या उपयोगी पडतो.

ही नाण्याची एक बाजू झाली. दुसरी बाजू बंगळूरच्याच रस्त्यांवर दिसते. आपल्या देशात शिकायला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत फार मोठा वाटा कर्नाटकाकडे येतो. आफ्रिकेतील व शेजारदेशांतील मुले येथील महाविद्यालयांत दिसतात. १८० दिवसांहून अधिक मुदतीचा व्हिसा असेल, तर त्यांना आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नाव नोंदवावे लागते. आपल्या विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेले, तेव्हा बंगळूर व पुणे येथील अफगाण विद्यार्थ्यांची घरून येणारी रक्कम खुंटली. घरभाडे थकले, आणि परतण्याचा मार्गही राहिला नाही. मेलबर्नमधील आपल्या मुलीने जे दार ठोठवावयाचे, तेच दार येथे ती मुले आपल्याकडे ठोठावीत होती. भाडेकरूच्या देशाचे नाव ऐकून घर नाकारणाऱ्याने, आपली मुलेही कोठेतरी भाडेकरूच आहेत, याचा विसर पडू देऊ नये.

त्या संध्याकाळी मी शेजारच्या वहिनींना वार लावून जेवणाऱ्या मुलांची गोष्ट सांगितली. त्या काही वेळ गप्प राहिल्या. मग एक कोरी वही आणून त्यांनी पानावर सोमवार ते रविवार लिहिले आणि म्हणाल्या, "सांगा, तिकडची सात घरं कोणती?"

आम्ही मिळून ती वही भरली. पहिले घर विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी विभागाचे, कारण अडचणीतील विद्यार्थ्यांसाठी तेथे कोणती सोय आहे ते आधीच विचारता येते. दुसरे मेलबर्नमधील भारतीय वाणिज्य दूतावासाचे. तिसरे तेथील महाराष्ट्र मंडळाचे. लंडनमध्ये १९३२ पासून मंडळ आहे, आणि आज मराठी माणूस जेथे गेला तेथे ते सहसा सापडते. चौथे अभ्यासक्रमात खंड घेण्याच्या नियमाचे, म्हणजे बाबासाहेबांनी राखला तसा दुवा. पाचवे आरोग्यविम्याचे. सहावे बँकेचे: हप्ते कधी सुरू होतात आणि मुदत मिळते का, हे लेखी घेण्याचे. सातव्या घरासाठी वहिनींनी कोणाला विचारले नाही. परतीच्या तिकिटाचे आणि तीन महिन्यांच्या खर्चाचे पैसे त्यांनी मुलीच्या नावे वेगळे ठेवले. त्यासाठी घरी नवी मोटार घेण्याचा बेत रद्द झाला.

गृहस्थांना प्रथम हे अपशकुनी वाटले. जाण्याआधीच परतीची भाषा कशाला, असे ते म्हणाले. तेव्हा मुलगीच बोलली, "बाबा, परत यायची सोय आहे म्हणूनच मी तिथे कोणाची लाचारी करणार नाही."

ती जुलैमध्ये गेली. वही तिच्याबरोबर आहे. तिची एक नक्कल वहिनींच्या देवघरातील खणात आहे. अद्याप सातांपैकी एकही दार ठोठवावे लागलेले नाही. पण दर रविवारी बोलताना मायलेकी त्या वहीचा उल्लेख करतात, आणि कर्जाचा आकडा तोच असूनही त्या घरात रात्री झोप लागते.